ओळंबा

काच सहा आठवड्यांनी आली,
जहाजातून, उभ्या खोक्यात,
खोक्यावर बाण : ही बाजू वर.
बॉनेटपासून निघून डोक्यावरून मागे जाणारी
एकच अखंड काच. दोघांना उचलत नाही.
मी, रोडेल, आणि शेजारच्या टायरवाल्याकडून
तासाभरासाठी उसना आणलेला बशीर.

दगड हरभऱ्याएवढा होता म्हणे.
सातव्या रिंगरोडवर, खडीच्या ट्रकमधून उडालेला.
टिच्‌ असा आवाज, आणि पुढे काहीच नाही.
मग ऑगस्टची दुपार,
बाहेर एकोणपन्नास, आत एसी अठरावर,
आणि त्या टिंबाला पाय फुटले.
संध्याकाळपर्यंत तडा
स्टिअरिंगपासून पार मागच्या सीटच्या वर.
गाडी लाखो दिनारांची नसेल,
पण माझी बावीस वर्षं तीत सहज बसतील,
डिकीसकट.

बाईंचं नाव दलाल.
पहिल्यांदा फोनवर नाव ऐकलं तेव्हा मी म्हणालो,
एजंट नको, मालकाशी बोलू द्या.
त्या हसल्या का ते कळलं नाही.

जुनी काच दोऱ्यानं काढतात.
एक जण आत, एक बाहेर,
मधे काळा डिंक, आणि दोरा इकडून तिकडे,
लाकूड कापावं तसा.
रोडेल आतून ओढताना गुणगुणतो,
मी बाहेरून त्याचे फक्त ओठ बघतो.

नवी बसली. चिकटली.
तिच्या कपाळाशी तीन कॅमेरे
आणि पाऊस ओळखणारा एक डोळा,
ज्याला शुवैखमध्ये वर्षाला चार दिवस काम.
आता गाडीला शिकवायचं : सरळ म्हणजे कुठे.
समोर फळा, काळे-पांढरे चौकोन.
गाडी बघते, विचार करते.
नापास.
पुन्हा. नापास.
नवव्या वेळी रोडेलनं छातीवर क्रूस काढला.
लेझरचा डबा दुरुस्तीला गेलेला.
मोन्सी मॅनेजर फोनवर :
जर्मनीला मेल टाकलाय, हात लावू नका.

हात लावला नाही. पाय धुतले.
आणि पाणी जाळीकडे पळालं,
कोपऱ्यातल्या, कुणी विचारपूर्वक बसवलेल्या जाळीकडे.
म्हणजे फरशी उतरती.
म्हणजे दुपारपासून गाडी खरं बोलत होती
आणि आम्ही तिला रीस्टार्ट करत होतो.

आबा गवंडी होते, जत भागातले.
हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही,
व्हिसावर टेक्निशियन आहे.
वायपरच्या पाण्याची नळी भरून घेतली,
चारी चाकांची पाणसळ काढली,
डाव्या बाजूला पत्र्याचे तुकडे सारले.
मग काच कापलेल्या दोऱ्याचा वावभर तुकडा,
टोकाला चाकाचा नट.
फळ्याच्या माथ्यावरून सोडला.
एसी बंद करायला लावला, दोरा हलत होता.
बशीर म्हणाला, वेडा झालास का.
पंखाही, मी म्हणालो.

तिघं जण घामात, श्वास धरून,
एका नटाकडे बघत.
तो डोलला. कमी डोलला.
मग असा थांबला
की आबांचं खाकरणं ऐकू आलं :
हां, चढव थर.

फळ्याखाली पुठ्ठ्याची घडी. अजून एक. अर्धी काढ.
हिरवं.

दलालबाई रात्री आल्या, हॉस्पिटलच्या चपलांत.
काचेवर बोट फिरवलं, मान तिरकी करून पाहिलं.
‘काहीच दिसत नाही,’ म्हणाल्या.
आमच्या धंद्यात शाबासकी अशीच असते.
लाल दिवे फाटकाबाहेर वळले, आवाज न करता.
जुनी काच मागे भिंतीला टेकलेली,
हजार ठिकाणी तडकून अजून एकसंध,
तिला कुणी घेत नाही.

अहवालात शेवटचा रकाना : वापरलेलं उपकरण.
लेझर लिहिता आलं असतं.
मी मराठी कीबोर्ड काढला आणि लिहिलं.
त्या यंत्राला आपली अक्षरं येत नाहीत.
पडद्यावर उमटले पाच रिकामे चौकोन
एका ओळीत.
रोडेलनं विचारलं, हे काय?
मी म्हटलं, एसी लाव.